आधी कुणी जायचं?

मिक्सरच्या अंगावर खंडेनवमीचं हळदीकुंकू अजून तसंच होतं. आमच्या घरी त्या दिवशी पक्कड, हातोडी, विळी, कात्र्या अशी सगळी मंडळी पाटावर बसतात आणि मिक्सर पाटावर मावत नाही म्हणून ओट्यावरच त्याला बोटं टेकवली जातात. ते कुंकू पुसायचं नसतं, आपोआप जाऊ द्यायचं, हा आईचा नियम. तर त्या कुंकवासकट, दिवाळीला चार दिवस उरले असताना, लाडवांसाठी साखर दळता दळता मिक्सरने मान टाकली.

मान टाकली म्हणणं तसं चूकच. मोटार फिरत होती, नेहमीपेक्षा जरा जास्तच खुशीत फिरत होती. भांड्यातलं पातं मात्र जागचं हलत नव्हतं आणि जळक्या रबराचा वास सुटला होता.

"मोटार गेली," आई म्हणाली. कुणाच्या जाण्याची बातमी सांगताना लागतो तोच सूर. माझ्या मुलाने तेवढ्यात मोबाइलवर नवा मिक्सर शोधूनही काढला होता. जुना परत घेऊन वर काही सूट, उद्या संध्याकाळपर्यंत घरपोच. आजीच्या चेहऱ्याकडे बघून त्याने मोबाइल खिशात टाकला, इतकी समज त्याला आहे.

भांडं उचलून पाहिलं तर खाली, मोटारीच्या दांड्यावर बसलेला काळा चांदणीच्या आकाराचा तुकडा दिसला. त्याला कपलर म्हणतात. भांड्याच्या बुडालाही त्याचा जोडीदार असतो; दोघांचे दाते एकमेकांत अडकतात आणि मोटारीचं फिरणं पात्यापर्यंत पोचतं. आमच्या चांदणीचे दोन दाते उडाले होते, उरलेले झिजून गोल झाले होते. मोटार ठणठणीत होती. तिचा पात्याशी संबंध तुटला होता, इतकंच.

तो तुकडा काढायला मला अर्धा तास लागला. खालचं झाकण उघडून दांडा पकडला आणि जगातले सगळे नट ज्या दिशेने सैल होतात त्या दिशेने जोर लावत बसले. तो हलेना. मग कधीतरी डोक्यात उजेड पडला. मोटार फिरताना कपलर सुटून येऊ नये, उलट आवळत जावा, म्हणून आटे उलटे पाडले होते. मी इमानेइतबारे तो घट्ट करत होते.

तपकीर गल्लीत हा तुकडा मिळतो. पुण्यात बुधवार पेठेतल्या या गल्लीत विजेच्या वस्तूंचा कुठला भाग मिळत नाही, हे सांगणं कठीण. दिवाळीच्या तोंडावर तिथे पाऊल ठेवायला जागा नव्हती. अर्ध्या दुकानांपुढे माळा लखलखत होत्या, उरलेल्या अर्ध्यांपुढे माझ्यासारखी माणसं हातात काहीतरी तुटकं घेऊन उभी होती. इथे कंपनीचं नाव सांगून उपयोग नसतो. "नमुना आणलाय का?" हा पहिला प्रश्न. नमुना काउंटरवर ठेवला की दुकानदार तो बोटांत फिरवतो, मागच्या भिंतीवरच्या शे-दीडशे खणांपैकी एक ओढतो आणि तसाच तुकडा समोर टाकतो. वरचा आणि खालचा मिळून साठ रुपये पडले.

मी म्हटलं, "इतक्या स्वस्त वस्तूमुळे अख्खा मिक्सर बंद पडतो, मग ती लोखंडाचीच का करत नाहीत?"

दुकानदाराला वेळ नव्हता. "मग मोटार जळेल, ताई," एवढं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी येईपर्यंत मी त्या वाक्याशीच झटत होते. पातं अडकलं, एखादी हळकुंडाची गाठ मध्ये आली, तर मोटारीचा सगळा जोर कुठेतरी जाणारच. मधला तुकडा मऊ असेल तर तो फाटतो. कडक असेल तर मोटार थांबते, आणि वीज चालू असताना थांबलेली मोटार म्हणजे नुसती शेगडी. तिच्या तांब्याच्या तारेवरचं पातळ वॉर्निश वितळतं, वेढे एकमेकांना चिकटतात, संपलं. म्हणजे कपलर बिघडला नव्हता. त्याने आपलं काम केलं होतं, आणि ते काम होतं आधी जाण्याचं.

हे एकदा कळलं की घरभर अशा जागा दिसू लागतात. कुकरच्या झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा खिळा असतो. शिट्टी तुंबली, आतलं पाणी आटून भांडं तापलं की तो वितळतो, वाफ सुटते, वरण छताला लागतं आणि आपण वाचतो. मिक्सरच्या बुडाशी लाल बटण असतं, ते टपकन बाहेर येतं. आत मोटारीच्या फिरत्या भागाला, म्हणजे आर्मेचरला, टेकलेले दोन कार्बन असतात. ते तांब्यापेक्षा मऊ ठेवलेले, म्हणजे झिजायचं त्यांनी. आणि आपल्या लहानपणचा फ्यूज. पोर्सलीनच्या किटकॅटमधली ती बारीक तार.

या तारेवरून आमच्याकडे एक प्रकरण झालेलं आहे. फ्यूज सारखा उडतो म्हणून बाबांनी वैतागून एकदा तिथे वायरीतल्या तांब्याच्या चार तारा पीळ घालून बसवल्या. "आता बघू कसा उडतो." खरंच उडाला नाही. आठवड्याभराने इस्त्री आणि गिझर एकदम चालू असताना बटणाच्या पाटीमागून धूर निघाला आणि भिंतीतली वायर हातभर जळाली. जायचं होतं त्याला बाबांनी जाऊ दिलं नव्हतं. त्यानंतर घरात फ्यूजच्या खऱ्या तारेचं रीळ देवघराच्या खालच्या खणात असायचं, काडेपेटीशेजारी.

सगळ्यांत विसरलेला असा भाग गिझरमध्ये आहे. साठवणीच्या गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी लटकलेली असते. पाण्यात दोन धातू एकमेकांना जोडून ठेवले की त्यातला एक दुसऱ्याच्या आधी गंजतो. मॅग्नेशियम लोखंडाच्या आधी. हम्फ्री डेव्हीने १८२४मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी हीच युक्ती सुचवली होती. टाकीऐवजी कांडी झिजावी म्हणून ती तिथे असते, आणि ती संपली की पाणी टाकीला लागतं. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत तर हिशेब आणखी लवकर होतो. पण ही कांडी बदलायची असते हे गिझर घेताना कुणी सांगत नाही, आणि माहितीपत्रक पहिल्याच दिवशी वॉरंटीच्या कार्डासोबत कुठेतरी गडप होतं. मग एक दिवस टाकी गळते, नवा गिझर येतो आणि आपण म्हणतो, हल्लीचे गिझर टिकतच नाहीत. आमचा पहिला असाच गेला. दुसऱ्याची कांडी मी काढायला लावली तेव्हा तिची कुरतडलेल्या खडूसारखी सळई उरली होती.

कपलर बसला, मिक्सर चालू झाला, साखर दळून झाली. पण आत आर्मेचरपाशी बारीक निळ्या ठिणग्या दिसत होत्या. म्हणून तो घेऊन मी आमच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले.

काकांचं दुकान एका पेठेत, वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीच्या जिन्याखाली आहे. रुंदी पाच फूट असेल. काका स्टुलावर, गिऱ्हाईक फुटपाथवर. दिवाळीच्या आधीचा पंधरवडा हा त्यांचा हंगाम. सगळ्या शहराचे मिक्सर एकाच आठवड्यात आजारी पडतात, कारण वर्षभर चटणी वाटणाऱ्या यंत्रावर आपण त्या आठवड्यात पाच किलो साखर, चकलीचं भाजलेलं पीठ आणि वाळलं खोबरं घालतो. पत्रकात लिहिलेलं असतं, पाच मिनिटं चालवा, मग थांबू द्या. ते कोण वाचतं?

काकांनी मिक्सर हातात घेतला आणि आधी नाकाशी नेला.

"वास घ्यायचा पहिला," ते म्हणाले. "रबराचा आला तर शंभराच्या आत. वॉर्निशचा आला तर गिऱ्हाइकाला आधी खुर्ची द्यायची."

ठिणग्या झिजलेल्या कार्बनच्या होत्या. दोन नवे कार्बन, आर्मेचरच्या तांब्याच्या पट्ट्यांवरून बारीक पॉलिश पेपर, झालं. मी बसून राहिले, कारण मला त्यांच्या टेबलावरचा बल्ब बघायचा होता. फळीवर ठोकलेला होल्डर, त्यात तारेचा जुना पिवळा बल्ब आणि त्याच्या रांगेत एक मोकळा सॉकेट. दुरुस्तीला आलेली प्रत्येक वस्तू आधी त्या सॉकेटवर लागते. वीज बल्बातून होऊनच तिच्यापर्यंत पोचते. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि दुकानाचा फ्यूज वाचतो. अजिबात पेटला नाही तर आत कुठेतरी तार तुटलेली. पंख्यासारखी वस्तू निरोगी असेल तर बल्ब अर्धवट, पिवळसर पेटतो आणि पंखा आळसावल्यासारखा हळूहळू फिरू लागतो. एक तार वाइंडिंगला आणि दुसरी बाहेरच्या बॉडीला लावून पाहायचं. तेव्हा मात्र बल्ब काळाठिक्कर राहायला हवा. पेटला तर त्या घरात कुणीतरी शॉक खाणार आहे. मीटर काकांकडे आहे, तो खणात असतो. इथेही गंमत तीच. चूक झाली तर झळ बल्बाला, वस्तूला नाही.

आपल्या घरोघरच्या मिक्सरचा जन्मही एका दुरुस्तीतूनच झाला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत सीमेन्समध्ये काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथूर यांच्या घरी जर्मन बनावटीचा ब्राउन मिक्सर होता. तो युरोपातल्या स्वयंपाकासाठी केलेला. आपल्याकडची डाळ, ओलं खोबरं, सुके मसाले यांच्यापुढे त्याची मोटार जळाली. पत्नी माधुरी यांनी नवऱ्याला विचारलं म्हणे, इंजिनिअर ना तुम्ही, मग करा दुरुस्त. माथूरांनी आपल्या वाटणाला पुरेल अशी मोटार असलेलं यंत्रच नव्याने बांधलं आणि त्यातून 'सुमीत' उभा राहिला. पाटा-वरवंटा परसात गेला तो या घरगुती टोमण्यामुळे, असं म्हणायला मला आवडतं.

घरी स्वतः करता येण्यासारख्या कामांत माझं लाडकं काम पंख्याचं. उन्हाळ्यात पंखा मंदावला की आपण रेग्युलेटरला शिव्या घालतो. बहुतेक वेळा दोष कपॅसिटरचा असतो. घरातली वीज एका फेजची. ती मोटारीला नुसती मागेपुढे ढकलते, कुठल्या बाजूला फिरायचं हे सांगत नाही. कपॅसिटर दुसऱ्या वेढ्यातल्या विजेला थोडं पुढेमागे सरकवतो, त्यामुळे ढकलण्याचं फिरणं होतं. छताच्या पंख्यात तो साधारण अडीच मायक्रोफॅरडचा असतो. आत प्लास्टिकच्या फिल्मवर धातूचा अतिशय पातळ मुलामा असतो. विजेच्या एखाद्या झटक्याने फिल्मला भोक पडलं तर त्या जागी ठिणगी उडते, भोकाभोवतालचा मुलामा जळून जातो आणि शॉर्ट आपोआप मिटतो. कपॅसिटर स्वतःची जखम स्वतः भरतो. पण प्रत्येक जखमेपायी थोडा मुलामा कमी होतो, अडीचचे दोन होतात, दोनचे दीड, आणि पंखा म्हातारा वाटू लागतो. नवा कपॅसिटर पन्नास रुपयांच्या आसपास मिळतो. मेन बंद करायचा, नुसतं बटण नाही. जुन्याची दोन टोकं वीजरोधक मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने एकमेकांना टेकवून साठलेली वीज घालवायची. तितक्याच आकड्याचा नवा लावायचा. दहा मिनिटांचं काम, त्यातली आठ स्टुलावर चढून वरची वाटी सरकवण्यात जातात.

काका पंखे भरूनही देतात. मोटार भरणे हा शब्द गावाकडे जास्त जिवंत आहे. व्होल्टेज पडलं, विहिरीवरची मोटार जळाली, भरायला टाकली. जळलेले वेढे कापून काढायचे, किती फेरे होते ते मोजायचे, तारेची जाडी मोजायची, खाचांत नवा कागद घालून तितकेच फेरे नव्या तारेने घालायचे, वॉर्निश पाजून वाळवायचं. जुनं तांबं भंगारात जातं, त्याचे पैसे हिशेबात धरलेले असतात.

इथे मला एक कबुली द्यायला हवी, नाहीतर हा लेख जुन्याच्या आरतीसारखा होईल. जुना छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज खातो. नवा बीएलडीसी पंखा ३०च्या. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे वर्षाला दोनशेच्या जवळपास युनिटांचा फरक पडतो. २०२३च्या जानेवारीपासून छताच्या पंख्यांना ताऱ्यांचं लेबल सक्तीचं झालं, ते योग्यच झालं. आमच्या हॉलमधले दिवसभर फिरणारे दोन पंखे मी बदलले. पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच ठेवला. तो वर्षातून वीस दिवस फिरतो, त्याने किती वीज खाल्ली तरी काय.

पण त्या नव्या दोघांतला एक दीड वर्षात थांबला. कपॅसिटर नव्हता बदलायला. आत एक सर्किटची पट्टी होती. तंत्रज्ञ आला, पट्टीकडे न बघता म्हणाला, बोर्ड बदलावा लागेल. जुन्या पंख्याच्या निम्म्या किमतीत बोर्ड आला.

काकांना हे सांगितलं तर ते हसले. "पूर्वी मरायला ठेवलेला पार्ट पन्नास रुपयांचा होता. आता तो आठशेचा आहे." मग कपाटातून वॉशिंग मशीनचा एक बोर्ड काढून दाखवला. वर चिकट थर ओतलेला, आतला एकही भाग दिसत नाही. हा थर ओलाव्यापासून रक्षण करतो हे खरं, आणि दुरुस्त करणाऱ्यापासूनही करतो हेही खरं. एक रुपयाचा रेझिस्टर गेला तरी हात पोचत नाही.

काही गोष्टी मात्र घरी उघडूच नयेत. मायक्रोवेव्हमध्ये दोन हजार व्होल्टच्या वरचा कपॅसिटर असतो, प्लग काढल्यावरही त्यात जीव घेण्याइतकी वीज राहू शकते. जुन्या डबड्या टीव्हीची तीच गत. नव्या अनेक फ्रिजमध्ये आयसोब्युटेन हा गॅस असतो, म्हणजे लायटरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. तिथे ठिणगी आणि हौस दोन्ही नकोत. फ्रिजच्या दाराचं रबर बदला, मागची जाळी झाडा, आणि थांबा.

ज्या वस्तू उठतच नाहीत त्यांचं काय, यावर लोकांची कल्पकता अफाट चालते. वॉशिंग मशीनच्या स्टीलच्या भोकाभोकांच्या ड्रममध्ये कुंड्यांपासून खतापर्यंत काहीही चालतं, हवा खेळती राहते. बंद फ्रिजात धान्य छान राहतं. दाराचं चुंबकाचं रबर उंदीर, मुंग्या, दमट हवा सगळ्यांना बाहेर ठेवतं. फक्त बाहेरून खटका लागणारं जुनं दार असेल तर तो खटका आधी काढून टाकावा. लहान मुलं लपायला आत शिरून अडकत असत, म्हणून अमेरिकेने १९५६मध्ये फ्रिजचं दार आतून ढकलून उघडता आलं पाहिजे असा कायदाच केला. शिलाई मशीनच्या बिडाच्या पायांवर काच टाकून कॉफी देणारी दुकानं मात्र मला बघवत नाहीत. ते पाय चालत होते. वरचं डोकंही तेल घातलं असतं तर चाललं असतं.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे तो २२.३ टक्के. आपल्याकडे १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नियमांत अशा १०६ प्रकारच्या वस्तू आल्या. हे नियम वस्तू मेल्यानंतरचे. मरणाआधीचं कुणी बघायचं, याचा विचार आता कुठे सुरू झाला आहे. फ्रान्समध्ये २०२१पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचा दहापैकी गुण छापावा लागतो. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. ॲमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा यांनी २००९मध्ये पहिला रिपेअर कॅफे भरवला. आपली बिघडलेली वस्तू घेऊन यायचं आणि जाणत्यांच्या शेजारी बसून स्वतः उघडायची. बंगळुरूत २०१५पासून तसे मेळावे होतात. काकांना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. "फुकट?" त्यांनी विचारलं, आणि पुढचा मिक्सर उचलला. त्यांच्या बाजूने तो प्रश्न रास्त होता. त्यांचा मुलगा या धंद्यात नाही.

निघताना त्यांच्या डोक्यावरच्या फळीकडे लक्ष गेलं. सात-आठ मिक्सर, एक टेबल फॅन, दोन इस्त्र्या. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी; आडनाव, तारीख, रक्कम. एक तारीख तीन वर्षांपूर्वीची होती.

"हे सगळे दुरुस्त आहेत?"

"सगळे चालू. लोक न्यायला येत नाहीत. तोवर नवा घेऊन टाकतात." मग जरा थांबून, "विकता येत नाही ना. लोकांची वस्तू आहे."

तो टेबल फॅन ते मला दाखवणार होते. सॉकेटवर लावला, बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. काकांनी बल्ब काढून कानाशी हलवला. आतली तार तुटून किणकिणत होती. खणात दुसरा नव्हता. तारेचे बल्ब आता शोधावे लागतात, ते म्हणाले, आणि एलईडी या कामाला चालत नाही. "घरी माळ्यावर एखादा पडला असेल तर बघा, ताई. साठचा असला तरी पंख्यापुरता भागेल."

माळ्यावर आकाशकंदिलाच्या खोक्यात होता. बाबांच्या वेळचा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, काचेवर धुळीचा थर. दुसऱ्या दिवशी वसुबारस होती. मी तो घेऊन गेले तेव्हा फुटपाथवर चार माणसं मिक्सर धरून उभी होती. काकांनी बल्ब सदऱ्याला पुसला, होल्डरमध्ये दाबून फिरवला आणि टेबल फॅनचं बटण दाबलं. बल्ब निम्मा पेटला, पिवळसर. पंख्याची पाती जरा विचार केल्यासारखी थांबली आणि मग हळूहळू फिरायला लागली. चिठ्ठी वाऱ्याने उडून उलटी झाली.